तुलना गट

दोन गावं निवडली गेली चिठ्ठ्या टाकून,
कलेक्टर ऑफिसच्या सभागृहात,
समोशांच्या ताटल्या सरकवून केलेल्या जागेत.
एकीकडं जिल्ह्याचे साहेब, एकीकडं विद्यापीठाचे,
मधे करारनाम्यावर ठेवलेला कागददाब.

बोरजईला सगळं मिळालं:
सांजच्याला अभ्यासिका, दोन ताई, व्हॉलीबॉलची जाळी,
आयांची बैठक दर गुरुवारी,
आणि पोट्टा सापडला तर आधी ठाणं नाही,
आधी समुपदेशक, असं लेखी पत्र जमादाराच्या खिशात.

सावंगीला मी मिळाले.
मी आणि बत्तीस प्रश्न.

"सावंगी म्हणजे तुलना गट," खंडारे सर म्हणाले.
"तिथं काही करायचं नाही, फक्त मोजायचं.
नाहीतर कळणार कसं
की बोरजईत जे झालं ते आपल्यामुळं झालं?"
बरोबरच होतं. मी वहीत लिहून घेतलं:
काही करायचं नाही.

दारव्ह्याची एसटी फाट्यावर सोडते.
पुढं तीन किलोमीटर, दोन्ही अंगांनी पऱ्हाटी,
वेचून झालेली, रिकामी टरफलं वाजवत.

अंकुश पेंदाम, वय चौदा. खर्ऱ्यानं रंगलेले दात.
प्रश्न सतरा वाचते:
गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्याच्या मालकीची वस्तू...
"तार," तो मधेच. "मोटारीची. तांब्याची.
लिवा नं मॅडम. किती किलो, थे बी लिवाचं हाय का?"
किलोला रकाना नाही.
हो. नाही. सांगायचं नाही. तीनच चौकोन.

"कोनाले दाखोसान?"
कुणालाच नाही. यात तुझं नाव नाही, नंबर आहे.
"कितवा?"
एकशे अकरा.
तो हसला. वर्षभर शाळेत गेला नव्हता,
तरी तिथल्या हजेरीत रोज हजर होता म्हणे,
खिचडीच्या तांदळापुरता.

दुसऱ्या फेरीला मे महिना.
फाट्यावरच्या बाभळीखाली तो उभा,
मास्तराला तारीख विचारून आलेला.
मी कागद काढायच्या आधीच म्हणाला,
"सतराव्याचं सांगू? मांगच्या बारीले चारदा होतं.
औंदा दोनदा.
तिसऱ्यांदा गेल्तो, पन धुऱ्यावर बसून रायलो.
म्हटलं, आता हे बी त्या बाईले सांगा लागन.
वापस आलो."

सरांना फोनवर सांितलं.
पलीकडं बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग, "मोजल्यानं मोजलेलं बदलतं कधीकधी.
तळटीप टाकू."
मग, थोडं थांबून, "चहा घेतलास का त्याच्याकडं?"
हो सर.
"तेही लिही."

बोरजईचे आकडे चांगले येत होते.
जमादार इंगोले बूट काढून सर्व्हिस करतात,
दोन पोरं परत नववीत बसली,
एक सुरतेला पळाला तो पळालाच.
आमच्या इथं जाळी कधी, अंकुशनं विचारलं होतं.
सिद्ध झालं तर, दीड वर्षानं.
त्यानं बोटांवर मोजलं. "तवा मी सोळाचा."
आणि गप्प झाला,
जसं काही उत्तर मीच त्याच्याकडून घेतलंय
आणि माझ्याकडं त्याला चौकोन नाही.

तिसऱ्या फेरीला बाभळीखाली कुणी नव्हतं.
आई म्हणाली, रातच्याला रेतीच्या ट्रॅक्टरवर जाते,
दिवसा झोपते, कधी येतच नाही.
नियम असा की तीनदा जायचं,
मगच लिहायचं: पत्त्यावर आढळला नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दिवस बुडत होता.
पुलाच्या कठड्यावर बसून राहिले.
पाचसहा बारकी पोट्टी जवळ आली,
आठ वर्षांची, नऊ वर्षांची, नमुन्याच्या वयात न बसणारी.
"मॅडम, आमचा नंबर कितवा?"

शेवटची एसटी फाट्यावर हॉर्न देऊन गेली.
मी पेनला टोपण लावलं, फॉर्म पिशवीत घातले
आणि सगळ्यात धिटाला विचारलं,
कुठल्याही फॉर्मात नसलेलं,
की आज दुपारी काय केलंस रे.
ट्रॅक्टरचा आवाज नदीकडून येत होता.
तो सांगू लागला. सविस्तर.